उकंडरावाच्या मनगटाची दोरी

मुलाने गेल्या दिवाळीला मला डिजिटल रेडिओ आणून दिला. रेडिओ वीतभर, पण त्याच्या रिमोटला बत्तीस बटणं. मी मोजली. सोबत एक पुस्तिका, आणि कोणतं बटण दाबलं की रेडिओ कोणता हुकूम मानतो याची तिच्यात चार पानांची यादी. मी चष्मा लावून दोन दिवस ती यादी वाचली, आणि तिसऱ्या दिवशी आवाज वाढवायला गेलो तर रेडिओ बंद पडला. आमच्या रुख्मिणीबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यामुळे बोलायला त्यांना भरपूर वेळ असतो.

"याच्यापेक्षा शालूबाईची दोरी बरी होती," त्या म्हणाल्या. "चारच हुकूम होते, आन् एकही चुकत नव्हता."

एकही चुकत नव्हता हे खरं नाही. एकदा चुकला होता, आणि तो माझ्यामुळे. ते रुख्मिणीबाईंना चांगलं आठवतं. पण बायको पन्नास वर्षांनी एखादी गोष्ट सोडून देत असेल तर आपण ती उकरून काढू नये म्हणून मी गप्प बसलो. इथे मात्र सांगतो.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी, पंचायत समिती नवी, आणि ग्रामसेवक म्हणून मीही कोरा करकरीत. मूळचा मी संग्रामपूरचा, म्हणजे अस्सल वऱ्हाडी. पण नोकरी लागल्यापासून मी पुस्तकी बोलायला लागलो होतो आणि त्याचा मला फार अभिमान होता. मला गाव मिळालं ते अमडापूरच्या बाजाराचं एक खेडं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात.

त्या वर्षी गावाला सरकारी रेडिओ मिळाला. लोखंडी पेटीतला, बॅटरीवर चालणारा, साऱ्या गावाने मिळून ऐकायचा. मिळाला तो वर्षभराच्या बोलीवर. वर्ष संपताना साहेब येऊन पाहणार, गाव नीट ऐकतं असं दिसलं तर रेडिओ कायम, नाहीतर दुसरीकडे. उपसरपंच हिंमतरावांचं म्हणणं होतं की रेडिओ त्यांच्या ओसरीत ठेवावा, ओसरी पक्की आहे. ओसरी पक्की होती हे खरं. पण तिथे बोलावल्याशिवाय कोणी चढत नसे, आणि बाईमाणूस तर बोलावलं तरी चढलं नसतं. शेवटी पेटी पंचायतीच्या खोलीत कुलपात राहिली आणि भोंगा तिथून चाळीस पावलांवर, पारावरच्या कडूनिंबाला टांगला.

पेटी सांभाळायला माणूस ठरला उकंडराव. त्याच्या आधीची तीन भावंडं दगावली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा त्याला रीतीप्रमाणे उकिरड्यावर ठेवलं, आणि त्याचे वडील महादेवराव यांनी पुन्हा उचलून घरी आणलं. म्हणून नाव उकंडा. तो जगला, त्याचं श्रेय महादेवराव उकिरड्याला देत. तरुणपणी तो आठ वर्षं खामगावला एका जिनात होता, सरकीतून कापूस वेगळा करणाऱ्या यंत्रांवर. मग परत येऊन विहिरीवर मिरची-वांगी करू लागला. गावाच्या हिशेबी यंत्राची माहिती असलेला तो एकटाच.

माणूस काळासावळा, सडपातळ, बोलायला अगदी कमी. मी बोलायला लागलो की तो कामधाम सोडून माझ्या तोंडाकडे एकटक पाहायचा. इतकं लक्ष मला घरीसुद्धा कोणी देत नव्हतं. मला वाटायचं, माझ्या बोलण्यात काहीतरी असलं पाहिजे.

आता अडचण अशी होती की पेटी खोलीत आणि भोंगा पारावर. खोलीत बसलेल्याला बाहेर आवाज मोठा की लहान, खरखर आहे की नाही, काही कळायचं नाही. पहिले आठ दिवस पारावरची माणसं नुसती ओरडत होती. "वाढव बे उकंडा!" "कमी कर बे!" आत काही पोचत नव्हतं. भिंती दोन हात रुंद, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

नवव्या दिवशी उकंडराव अंबाडीची लांब दोरी घेऊन आला. एक टोक खोलीच्या झरोक्यातून आत घेऊन त्याने आपल्या डाव्या मनगटाला बांधलं, दुसरं पारावर नेलं. हुकूम ठरले. एक हिसका, आवाज वाढव. दोन हिसके, कमी कर. तीन, दुसरं स्टेशन मधे घुसतंय, काटा नीट कर. आणि एक लांब ओढ म्हणजे झालं, बंद कर.

पण पहिल्याच संध्याकाळी दोरीवरून भांडण लागलं. हिंमतरावांना आवाज मोठा लागायचा, पुजाऱ्याला बारीक. दोघे आळीपाळीने हिसके देऊन राहिले आणि आत उकंडरावाचा हात खांद्यातून निघायची पाळी आली. तो बाहेर आला.

"दोरी कोणाच्याच हाती देत नाही," तो म्हणाला. "सरकारी वस्तू हाय. घरच्या माणसाच्या हाती देतो."

घरचं माणूस म्हणजे त्याची बायको शालूबाई. त्या गावात सुना पारावरून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घेत, डोक्यावरचा पदर पुढे ओढत, आणि सासऱ्यासमोर बसणं तर दूरच, मोठ्याने बोलतही नसत. महादेवराव पारावर रोज पहिल्या रांगेत. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

म्हाताऱ्याने बराच वेळ चिलीम झाडली. "उभं राहून दोरी धरली तं हात दुखन," ते शेवटी म्हणाले. "बसूनच धरा लागन."

झालं. पाराच्या मागे मारुतीच्या देवळाची पायरी होती, तिथे शालूबाई बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या सोबतीला म्हणून एक जाऊ आली, तिच्या सोबतीला शेजारीण, आणि पंधरा दिवसांत देवळाच्या चारही पायऱ्या बायकांनी भरल्या. कोणी विचारलं तर उत्तर तयार असे, "शालूबाईच्या सोबतीले आलो बाप्पा."

शालूबाई तोंडाने अक्षर बोलत नसे. सासरा पुढ्यात, ती बोलणार कशी? म्हणून तर दोरी, असं गावाने मानलं, मीही मानलं. तिचा हिसका मात्र बोलका होता. संध्याकाळी साडेसहाला नागपूर केंद्रावर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. मधेच दुसरं कुठलं तरी स्टेशन आत शिरलं, की आम्ही तोंड उघडेपर्यंत हिने तीनदा दोरी ओढलेली असायची आणि आतून काटा जागेवर यायचा. मी एकदोनदा खोलीत डोकावलो होतो. उकंडराव पेटीवर उजवा तळहात ठेवून डोळे मिटून बसलेला असायचा. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मला वाटलं, माणसाचा यंत्रावर जीव आहे.

खरी कमाल त्याच्या नोंदवहीची. रोज काय ऐकलं ते रेडिओ सांभाळणाऱ्याने चार ओळींत लिहायचं, असा नियम होता. बाकी गावांच्या वह्यांत "कार्यक्रम ऐकला, आवडला" यापलीकडे काही नसे. उकंडरावाची वही मी अजून विसरलो नाही. "आज कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगितलं. सांगणाऱ्याने अळी चित्रात पाहिली असावी." "आज बाळाच्या दुधाबद्दल सांगितलं. सांगणारा पुरुष होता." "आज भजन लावलं. गाणाऱ्या बाईचा गळा बसलेला होता तरी तिला गायला लावलं, हे बरं नाही." मी त्या नोंदी चिखलीला पंचायत समितीत वाचून दाखवल्या. तिथून त्या बुलढाण्याला गेल्या. आणि एक दिवस मला निरोप आला की पाहणीला साहेब स्वतः येत आहेत. अर्ध्या जिल्ह्यात असा ऐकणारा माणूस नाही, त्याला भेटायचंच, असं ते म्हणाले होते.

मी हरखून गेलो. आणि मी हरखलो की काहीतरी सुधारणा करतो, हा माझा जुना रोग.

माणूस मनगटाला दोरी बांधून बसलाय, दावणीचा बैल जसा, हे काही साहेबांना दाखवण्यासारखं नाही असं माझ्या मनाने घेतलं. मी चिखलीहून एक पितळी घंटा आणली, देवघरात असते त्याहून थोडी मोठी. साहेब यायच्या दिवशी दुपारी दोरी उकंडरावाच्या मनगटावरून सोडली आणि घंटेला बांधली. घंटा टांगली त्याच्या पाठीमागच्या खुंटीला. हुकूम तेच, फक्त हिसक्याऐवजी टोले.

उकंडराव माझ्या हातांकडे बघत राहिला. मग रिकाम्या मनगटावरून त्याने दुसरा हात फिरवला.

"दोरीच बरी होती, भाऊ."

"अहो, आजच्या दिवस," मी पेटी पुसता पुसता पाठमोराच म्हणालो. "साहेबांसमोर शोभून दिसेल."

तो पुढे काही बोलला नाही. माणूस समजूतदार आहे, असं मला वाटलं. मी त्याच्याकडे पाठ करून बोललो होतो, हे लक्षात यायला मला चार तास लागायचे होते.

साहेब पाच वाजता जीपने आले. चांगला हसतमुख माणूस. मी त्यांच्यासाठी खोलीत खुर्ची मांडली होती, पण ते म्हणाले, मी गावाबरोबर पारावर बसून ऐकणार, आणि कार्यक्रम झाला की उकंडरावांना भेटणार. खुर्ची पारावर आली. शेजारी हिंमतराव, पलीकडे महादेवराव, मागच्या पायरीवर दोरी घेऊन शालूबाई. घंटेचं तिला मी सांगितलं नव्हतं. तिला काय सांगायचं? तिने दोरी ओढायची, एवढंच.

साडेसहा वाजले. भोंगा बोलायला लागला, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि त्यात भलत्याच भाषेतलं एक स्टेशन. शालूबाईने तीन हिसके दिले. खोलीतून टण, टण, टण असे तीन टोले आले, अगदी पारापर्यंत. मी अभिमानाने साहेबांकडे पाहिलं. शालूबाईने मात्र दचकून दोरीकडे पाहिलं.

काटा हलला नाही.

तिने पुन्हा तीनदा ओढलं. पुन्हा टोले. पुन्हा काही नाही. मग तिने पाच-सहा वेळा ओढलं आणि घंटा आरतीला वाजावी तशी वाजली. भोंग्यातून दोन भाषा एकमेकींशी भांडत होत्या.

"उकंडा झोपला काय बे?" हिंमतराव मोठ्याने म्हणाले. मग साहेबांकडे वळून हळूच, "माह्या ओसरीत असता सायेब, तं हे झालंच नसतं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. कोणी तरी मागून म्हणालं, "वयनी, तुम्हीच हाक मारा ना आता." हिंमतरावांनी ते उचललं. "हाव ना. महादेवबुवा, सुनेले मुभा द्या. आजच्या दिवस काही होत नाही."

महादेवरावांनी मान वळवली. बारा वर्षांत पहिल्यांदा ते सुनेशी थेट बोलले. "दे सूनबाई आवाज. मी सांगून राह्यलो. चालते."

शालूबाई उभी राहिली. पण तोंड उघडेना. सारा पार तिच्याकडे पाहत होता. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी मुभा मिळाली, सासऱ्याने मान राखला, आणि ही बाई हट्टाला पेटल्यासारखी गप्प. "अहो वहिनी, एक हाक मारा ना," मी जवळजवळ खेकसलोच. "एका हाकेचा प्रश्न आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही, कारण तिच्यात माझी कीव होती. मग तिने दोरी पायरीवर ठेवली आणि चालायला लागली. पाराच्या मधून, सासऱ्याच्या पुढ्यातून, साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून, पायातल्या वहाणा न काढता. माणसांनी पाय आखडून घेतले. मी उठून तिच्या मागे धावलो.

खोलीच्या दारात मी थांबलो. उकंडराव पेटीवर तळहात ठेवून बसला होता. डोळे उघडे आणि पेटीच्या काट्यावर लागलेले. त्याच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर माझी पितळी घंटा अजून हलत होती, वाजत होती, आणि त्याला तिचा पत्ताच नव्हता.

शालूबाई त्याच्या समोर बसली. तिने त्याचं डावं मनगट हातात घेतलं आणि बोटांनी तीनदा दाबलं. त्याने काटा फिरवला. बाहेर भोंगा स्वच्छ झाला. तिने एकदा दाबलं. आवाज वाढला. बाहेर पारावर माणसांनी हुश्श केलेलं मला ऐकू आलं. त्याला आलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोंडाकडे एकटक पाहणं, पेटीवरचा तळहात, आणि ती नोंदवही. खामगावच्या यंत्रांनी त्याचे कान केव्हाच खाल्ले होते. ऐकत होती शालूबाई. घरी जाऊन त्याच्या समोर बसून सांगत होती, तो ओठ वाचून लिहून काढत होता. अर्ध्या जिल्ह्यातला सगळ्यात चांगला ऐकणारा माणूस ठार बहिरा होता, आणि त्याला उघडा पाडायला घंटा मी आणली होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मागे पावलं वाजली. साहेब आले होते, त्यांच्यामागे हिंमतराव आणि काठी टेकत महादेवराव.

"घंटा तर पारावर ऐकू येत होती," साहेब म्हणाले. "यांना नाही आली?"

शालूबाईचा हात मनगटावर तसाच राहिला. हिंमतरावांनी घंटेकडे पाहिलं, उकंडरावाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याचं हसू उमटायला लागलं. एक वाक्य, आणि रेडिओ त्यांच्या ओसरीत गेला असता. पायऱ्यांवरच्या बायका उद्या घरी बसल्या असत्या.

"घंटीवर उठाले माहा पोरगा चपराशी हाये काय, सायेब?"

महादेवराव बोलले होते, कडक आवाजात. "ह्याले मी उकिरड्यावरून उचलून आणला, तो कोणाच्या घंटीवर उठासाठी नाही. शेतकरी माणूस हाये. वर्षभर दोरीवर सारं नीट चालू होतं. हे घंटी ग्रामसेवकानं आज बांधली, कोणाले न इचारता. इचारा त्याले."

साहेबांनी मला विचारलं. "हो साहेब," मी म्हणालो. "चूक माझी." आयुष्यात मी सरकारी माणसासमोर इतकं खरं कधी बोललो नाही.

म्हातारा पुढे झाला. घंटेची गाठ सोडली आणि ती दोरी स्वतःच्या हाताने लेकाच्या मनगटाला बांधली. गाठीला वेळ लागला. मग हिंमतरावांकडे वळून म्हणाले, "तुले काही बोलाचं हाय काय?"

"नाही बुवा," हिंमतराव म्हणाले. "मी काय बोलतो?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांना पुढची सगळी भांडणं माफ केली.

उकंडरावाला शब्द कळले नसतील, पण चेहरे कळले. त्याने नोंदवही उघडून साहेबांच्या हातात दिली. साहेब उभ्याउभ्याच वाचायला लागले आणि वाचता वाचता हसायला लागले. महिन्याभराने पत्र आलं, रेडिओ कायम.

साहेबांची जीप गेल्यावर मी खोलीत उकंडरावासमोर बसलो. या वेळी नीट तोंडासमोर तोंड करून. विचारलं, "उकंडभाऊ, तुम्हाला ऐकू येत नाही, मग हे लोढणं गळ्यात घेतलंत कशाला?"

तो दोरीशी चाळा करत म्हणाला, "खामगावले आमच्या खोलीच्या पलीकडे एकाचा रेडिओ होता. माहं घरचं माणूस भाकरी थापता थापता हात थांबवून आयकत बसे. भाकर करपे. गावात आलो, रेडिओ आला, तं तो पारावर. पारावर बाईमाणसाले कोण बसू देते, भाऊ? पण दोरी धराची म्हटलं तं बसाच लागते."

मी घरी गेलो. रुख्मिणी चुलीपुढे होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि गावात आल्यापासून मी तिला पाराकडे कधी चल म्हटलं नव्हतं. तिथे मी पहिल्या रांगेत बसणारा ग्रामसेवक.

"उद्या पारावर चल," मी म्हणालो. "रेडिओ ऐकायला."

तिने मान वर केली नाही. "मी रोजच येतो. शालूबाईच्या मागं, तिसऱ्या पायरीवर. तुम्ही कधी मागं पाह्यतच नाही."

पुढे माझी बदली झाली. घरोघर ट्रान्झिस्टर आले आणि पार ओस पडला. पंधरा वर्षांनी शेगावहून परतताना मी त्या गावी उतरलो. महादेवराव गेले होते. उकंडराव ओसरीत ट्रान्झिस्टरवर तळहात ठेवून बसला होता आणि दोरी मनगटापासून स्वयंपाकघरात गेली होती. मी समोर बसल्यावर शालूबाईने आतून पाच हिसके दिले. हा हुकूम मला नवा होता. "पाच म्हणजे पाहुण्याले जेवल्याबिगर जाऊ देऊ नका," उकंडरावाने सांगितलं. दोघेही आता नाहीत.

एवढं सगळं आठवेपर्यंत रेडिओ बंदच होता. मी पुस्तिका उघडली, एक बटण सापडलं, रेडिओ सुरू झाला. आवाज फार बारीक. मी रिमोट रुख्मिणीच्या हातात दिला, म्हटलं, तूच कर तुला पाहिजे तसं. तिने बत्तीस बटणांवरून बोटं फिरवली, काही दिसेना, तेव्हा रिमोट परत माझ्या मांडीवर ठेवला.

मग तिने माझं डावं मनगट चाचपून हातात घेतलं आणि एकदा दाबलं. मी आवाज वाढवला.